उधळलेल्या भाकरी

शांतवनच्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, हे शहादेवला आठवलं ते पेनाचं टोपण काढताना. टेबलावर कागद होता, कागदावर बजरंगचं बोट होतं आणि बोटाच्या वर टाइप केलेली ओळ होती : वसतिगृहाची स्वयंपाकीण कडूबाई ही संस्थेचे धान्य उधळते, हे मी समक्ष पाहिले आहे. खाली त्याचं नाव, ‘सदस्य, देखरेख समिती’ अशी पदवी आणि सहीपुरती सोडलेली कोरी जागा. आठ-नऊ वर्षांपूर्वी जुन्या नोकरीच्या गावाहून, कड्याहून आलेलं ते निळं अंतर्देशीय पत्र आणि त्यातली शांतवनची उजवीकडे कलंडणारी अक्षरं त्या कोऱ्या जागेत एकदम उभी राहिली. आमच्या चर्चचे पाळक आजारी पडले म्हणून रविवारी उपासनेला मला उभं केलं, असं शांतवनने लिहिलं होतं. वाचायला आला तो येशूने सांगितलेला कारभाऱ्याचा दाखला, म्हणजे गोष्ट. एक श्रीमंत मालक असतो. त्याच्याकडे कोणीतरी चुगली करतं की तुमचा कारभारी तुमची मालमत्ता उधळतो. मालक त्याला म्हणतो, हिशेब दे आणि चालता हो. कारभारी विचारात पडतो. खणायला अंगात बळ नाही, भीक मागायची लाज वाटते. मग तो मालकाच्या देणेकऱ्यांना एकेक करून बोलावतो आणि ज्याच्या नावावर जेवढं तेल, जेवढा गहू असेल त्यात भरमसाट सूट देऊन टाकतो. म्हणजे उद्या कामावरून काढलं की ही माणसं आपल्याला घरात घेतील. आणि हे कळल्यावर मालक काय करतो, तर त्याचं कौतुक करतो. शांतवनने पुढे लिहिलं होतं : मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, मास्तर, मंग आमीबी मालकाचं उडवावं का? सगळे हसले. मला काही बोलता आलं नाही. तू वाचणारा माणूस आहेस. मालकाने त्याला शाबासकी का दिली, तेवढं लिहून पाठव.

‘गुर्जी, शाई वाळली का?’ बजरंग म्हणाला. ‘माझा पेन देऊ?’

‘वाचतोय.’

‘वाचायचं काय त्यात? साहेबांनी चार जागी वाचून घेतलंय. तुमी नुस्तं गिरवा.’

साहेब म्हणजे भगवानराव, संस्थेचे अध्यक्ष, आणि बजरंग त्यांचा हरकाम्या. वसतिगृह त्यांचं होतं, म्हणजे सरकारच्या पैशावर चालणारं आणि त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं. बीडच्या कडेला, जिथे क्लासचे बोर्ड संपतात आणि बाभळी सुरू होतात, तिथे शहादेवच्या दोन खोल्यांसमोर रस्त्याच्या पलीकडे ती पत्र्याची लांबट इमारत होती. दिवाळी झाली की पलीकडच्या वस्तीतली माणसं कोयते घेऊन ऊस तोडायला जात, थेट खालच्या मुलखात, कर्नाटकात. लेकरं वसतिगृहात जेवत, झोपत. म्हातारी माणसं कुलूप लावलेल्या दारांपुढे, ओसरीवर राहत. लेकरांसाठी योजना होती. म्हाताऱ्यांसाठी ओसरी होती. देखरेख समितीत एक स्वच्छ माणूस हवा, म्हणून भगवानरावांनी या निवृत्त मास्तराला घेतलं होतं, आणि शहादेवला तेव्हा, आज आठवून कानशिलं तापावीत इतकं बरं वाटलं होतं.

बजरंगने मोबाइल त्याच्या नाकापुढे धरला. ‘हे बगा म्हंजे पेन आपोआप चालंल.’ स्वयंपाकघरात नवा कॅमेरा बसवला होता, त्यातलं चित्र वरून खाली पाहणारं होतं, गिधाडाला दिसावं तसं. कडूबाईची पाठ. तव्यावरून भाकरी काढून ती फडक्यात गुंडाळत होती. लेकरं ओळीत येत होती आणि प्रत्येकाच्या दप्तरात ती एकेक पुडकं खुपसत होती, वर एक चापट, की चल, पळ. ‘कशी कोंबती बगा,’ बजरंग म्हणाला. ‘लेकरांच्या तोंडचा घास, अन् जातो कुठं? थेरड्यांना! घरोघर! अन्नपूर्णा लागून गेली.’ शहादेव बघत होता. मग त्याला फळीवर ठेवलेला तो डबा दिसला. स्टीलचा, झाकणाला एका बाजूला खोलगट पोचा. कडूबाईने त्यात दोन भाकरी ठेवल्या, वर काहीतरी कालवण ओतलं, झाकण दाबलं आणि तो दप्तरात न घालता पदराखाली घेतला.

झाकण तिथून नीट बसत नाही, अंगठ्याने दाबावं लागतं, हे शहादेवला ठाऊक होतं. डब्याच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, ‘पंचशीला’. लग्नानंतर पहिल्या पगारात कड्याच्या बाजारातून घेतलेला, दुकानदाराने नाव कोरताना पंचशीला त्याच्या हाताकडे बघत राहिली होती. ती गेल्यावर घरात तिचं नाव असलेली एवढीच वस्तू रोज हाताळली जायची.

‘हा डबा कुनाचा, ते तेवढं कळंना,’ बजरंग म्हणाला. ‘असंल कुनी यार तिचा.’ आणि हसला.

‘उद्या या,’ शहादेव म्हणाला.

‘अहो, साहेब म्हणले आजच. सांजच्याला तिची खोली खाली करायचीय. केस करायची का न्हाई ते तुमच्या सहीवर हाय.’

‘उद्या.’ आवाज चिरकला. तो चिरकला याचा त्याला राग आला, आणि बजरंग कागद तिथेच टाकून, ‘लई अभ्यास करू नका बे गुर्जी,’ असं म्हणत गेला तेव्हा त्या ‘बे’चा राग यायचाही राहून गेला.

पहिला राग आला तो कडूबाईचा. हिने आपल्याला चोर केलं. तीन हंगाम हा डबा येत होता. पंचशीला गेल्यानंतर तो दूध-पावावर राहायचा, पुस्तक उघडं ठेवून, दुधात पाव किती वेळ बुडतो याकडे लक्ष न देता. एकदा पाहणीला गेला असताना कडूबाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, ‘गुर्जी, तुमची कालर गळ्याला ढिली व्हाया लागली.’ दुसऱ्या दिवशी तिने त्याचा डबा मागून घेतला. ‘घरचंच हाय, खावा.’ घरचं! त्याने ते मानलं. चाळीस वर्षं मुलांना वाक्याचा अर्थ शोधायला शिकवलेल्या माणसाने हे एवढंसं वाक्य उलटून पाहिलं नाही. कडूबाईला घर कुठे होतं? नवरा वाडीवरचा मेंढरंवाला. त्याने दुसरी केली आणि हिला मेंढरांमागून काढून रस्त्यावर सोडलं. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला, गॅसच्या टाक्यांशेजारी तिची खोली. तिची चूल म्हणजे वसतिगृहाची चूल, तिचं पीठ म्हणजे वसतिगृहाचं पीठ. हे सगळं त्याला खिडकीतून दिसत होतं. दिसत असूनही कळू नये म्हणून माणूस किती पुस्तकं वाचू शकतो!

त्या खिडकीतून आणखीही दिसत होतं. भर दुपारी, लेकरं शाळेत असताना, कोठाराच्या दाराला टेम्पो लागायचा. पोती आत जाण्याऐवजी बाहेर यायची. बजरंग शीळ घालत बाजूला उभा असायचा. स्वयंपाकघरात कॅमेरा आला, कोठारात आला नाही. फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीवर डोळा, आणि पोत्यांना अंधार! शहादेवच्या पोटात काहीतरी पेटत गेलं आणि त्याच वेळी, त्याला ओशाळवाणं वाटेल अशा रीतीने, तिथेच भूकही लागली. ऊन उतरलं होतं. डब्याची वेळ झाली होती. त्याचे कान दारापुढच्या कट्ट्याकडे लागले होते, स्टील सिमेंटवर टेकल्याच्या आवाजाकडे. तो स्वतःवर खेकसला, ‘लाज नाही वाटत?’ पण कान तिकडेच राहिले.

कट्ट्यावर. डबा नेहमी कट्ट्यावर. ती आत येत नसे. तो धुतलेला डबा कट्ट्यावर ठेवी, ती उचलून भरलेला ठेवी. उन्हाळ्यात कपाळावरचा घाम पदराने टिपत उभी राही, पण या घरातलं पाणी तिने कधी मागितलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही. त्याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या बापाला गावातून भाकरी मिळायची ती अशीच, वरून, फडक्यात टाकलेली, हात हाताला न लागता. छप्पन्न साली बापाने दीक्षा घेतली आणि ते फडकं चुलीत घातलं. भाकरी मागायला जाणं बंद. घरात चार दिवस चूल पेटली नाही तरी बाप सांगत राहिला, आपण सोडलं ते सोडलं. त्या बापाचा मुलगा रोज संध्याकाळी कट्ट्यावरची भाकरी उचलत होता, आणि देणारी आपल्या घरचं पाणी पीत नाही हे जाणून गप्प होता, कारण भाकरी चांगली होती. गरम होती. बोलावं तर डबा बंद होईल, ही भीती त्याने स्वतःपुढेसुद्धा कधी नीट मांडली नव्हती.

शांतवनला हे सांगता आलं असतं. कड्याच्या शाळेत दोघं एकदमच लागले, एका खोलीत राहिले. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मळीचा आंबूस वास अंथरुणातही यायचा आणि खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या रात्रंदिवस करकरत असायच्या. मूळ दोघांचं एकच. गावाच्या एकाच कडेचे. शांतवनचा आजा पाद्र्याच्या मागे देवळात गेला, शहादेवचा बाप विहारात. ‘तू आधी निसटलास, मी मागून,’ असं शहादेव म्हणायचा आणि शांतवन हसून म्हणायचा, ‘निसटलो कुठं? खोलीमालकानं भाडं घेताना विचारलंच की, तुमी नेमके कोन?’ त्या शांतवनने आयुष्यात एक प्रश्न विचारला होता. शहादेवने तीनदा उत्तर लिहिलं. मालकाने कौतुक केलं ते हुशारीचं, लबाडीचं नव्हे. ओळ सुबक होती आणि तिला कपाटातल्या पुस्तकांचा वास होता. त्याने ती फाडली. मग वाटलं, त्यांच्या ग्रंथाचा अर्थ सांगणारा मी कोण? मग पंचशीलाचं आजारपण आलं. मग उशीर झाल्याची लाज, आणि लाजेचा आणखी उशीर. आता त्याला शांतवनचाही राग आला. हा प्रश्न मला का विचारलास? मालक का खूश झाला! मालक खूश का होतो हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो, मालकाच्या तोंडाकडे बघत!

डबा आला नाही. तो चप्पल अडकवून बाहेर पडला.

कडूबाई वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या पेटीवर बसली होती. शेजारी बोचकं, बोचक्यावर तवा उपडा. तवा तिचा स्वतःचा असावा. फाटकाला कुलूप होतं आणि आतून लेकरं गजांना चिकटून बघत होती, एरवी कालवा करणारी, आता अगदी गप.

‘आलात?’ ती म्हणाली. ‘सही ठोकून आलात का ठोकायला चाललात?’

‘नाही केली.’

‘करा की. शाई संपली असंल तर काजळी देते.’

तो उभाच राहिला. काय विचारायचं ते येताना जुळवलं होतं, ते विस्कटलं. ‘माझा डबा,’ तो म्हणाला, ‘तो वसतिगृहातलाच होता?’

कडूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वर्गातला एक जुना, मंद मुलगा आठवला आणि आपणही त्याच्याकडे असंच बघायचो हेही आठवलं. ‘न्हाई, माझ्या बापाची बागाइत हाय ना हितं! गुर्जी, कावून पोरावानी करता? कुठून येनार?’

‘मला सांगायचं होतं.’

‘सांगितलं असतं तर खाल्लं असतं तुमी? दुधात पाव भिजवीत मेला असता, अन् छातीवर पुस्तक.’ ती थांबली. ‘लेकरांचं कमी न्हाई केलं मी. त्यांचं पोट भरल्याबिगर कुनाला दिलं न्हाई. पोरगं पोटभर खायचं अन् उठताना म्हनायचं, मावशे, आजीनं काय खाल्लं आसंल? त्येला काय सांगू, योजनेत बसंना तुजी आजी?’

गजांमागे कोणीतरी नाक ओढलं. शहादेवने वस्तीकडे पाहिलं. ओसऱ्यांवर म्हातारी माणसं दिसत होती, धुरकट उजेडात गाठोड्यांसारखी. कोणी हललं नाही.

‘त्यांच्यातलं कोणी आलं नाही?’ त्याने विचारलं.

‘कशी येतील? भ्यायल्यात. आपल्या नातवाचं खानं तोडलं तर? दोघीतिघींनी तर मला बघून तोंड फिरवलं.’ ती हे चिडून बोलली नाही, आणि म्हणूनच ते शहादेवला सहन झालं नाही. त्याच्या डोक्यात ते निळं पत्र फडफडलं. मालक, कारभारी, शाबासकी. आणि त्या देणेकऱ्यांचं काय? ज्यांचं ओझं उतरलं, ते सूट घेऊन घरी गेले. पुढे एका संध्याकाळी तो कारभारी त्यांच्या दाराशी आला असेल, बोचकं घेऊन. दाखल्यात ते नाही. दाखला त्याआधीच संपतो. मागच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं नाही, शांतवनने विचारलं नाही, आणि आपण तर तीनदा लिहून फाडलं, तरी आपल्याला हे सुचलं नाही की दाखल्यात आपली जागा कुठली.

गाडी आली ती धूळ उडवत. भगवानराव उतरले, पांढरेस्वच्छ, हात जोडूनच. मागून बजरंग. ‘गुरुजी, तुम्ही कशाला त्रास घेतला? बजरंग येणारच होता कागद न्यायला.’

‘तो डबा माझा आहे,’ शहादेव म्हणाला.

‘कसला डबा?’

‘व्हिडिओतला. पोचा आलेला. तीन हंगाम मी त्यात जेवतोय. उधळपट्टीत माझं नाव घाला. आधी माझं घाला.’

बजरंगने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. भगवानरावांचं हसू जरासं हललं, पडलं नाही. ‘गुरुजी, तुमच्या दोन भाकरी म्हणजे काय! त्या संस्थेनं तुम्हाला मानानं दिल्या असं समजा. तुमचा प्रश्नच नाही. नियमाचा प्रश्न आहे.’

‘मग कोठारात कॅमेरा लावा!’ शहादेव ओरडला. आपल्या घशातून एवढा आवाज निघू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. लेकरं गजांपासून मागे सरकली. ‘टेम्पो लागतो तिथं लावा! दुपारचा लागतो, माझ्या खिडकीतून दिसतो! हिच्या फडक्यावर डोळा ठेवता, आणि पोती… पोती…’ थुंकी उडाली, आणि एखाद्या म्हाताऱ्याचं चिडणं जितकं हास्यास्पद दिसावं तितकं आपलं दिसत असणार हे त्याला त्या क्षणीही दिसत होतं. राग मोठा होता आणि त्यासाठी मिळालेलं अंग लहान होतं.

भगवानरावांनी ऐकून घेतलं, एखाद्या आजाऱ्याचं ऐकावं तसं. ‘बजरंग, गुरुजींना घरी सोड. साखर वाढली असेल.’ मग गाडीत बसता बसता, हळू आवाजात, ‘सही नसली तरी चालतं हो. समितीत दुसरी माणसं आहेत.’ गाडी गेली. एवढंच. काही कोसळलं नाही. फाटकाचं कुलूप फाटकालाच राहिलं.

‘झालं बरं वाटून?’ कडूबाई म्हणाली.

‘घरी चल,’ तो म्हणाला.

‘कुनाच्या?’

‘माझ्या. मागची खोली रिकामी आहे. पंचशीलाची.’

तिने बोचक्याची गाठ आवळली. मग म्हणाली, ‘म्हातारं झालात म्हनून लोक सोडतील व्हय? अन् माजे भाऊबंद? तुमच्याकडं नुस्तं ऱ्हायले तरी मला मेली म्हनून आंघूळ करतील.’

‘तीन हंगाम तू माझ्या दारातलं पाणी प्यायली नाहीस.’ हे बोलायचं नव्हतं. हे तर आता मुळीच बोलायचं नव्हतं. ‘मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.’

‘तुमी दिलं का कधी?’ ती उसळून उठली. ‘एका शब्दानं म्हनलात, कडूबाई, घोटभर घे? मी न्हाई मागितलं, खरं हाय. मला बी भ्याव. पर तुमी? डबा उचलायचा अन् दार लोटून घ्यायचं! मी म्हनायची, हा मानूस माज्याकून नुस्तं खातो, बोलत बी न्हाई. लई शिकल्याला हाय, आपल्यासंगं काय बोलंल!’

शहादेवने खाली वाकून पेटीची एक कडी धरली. पेटी जड होती, हलली नाही. तो तसाच वाकून राहिला. पाठ दुखू लागली. शेवटी कडूबाईने बोचकं काखेत मारलं, तवा डोक्यावर उपडा घातला, तशी गजांमागून एक पोरगी फिस्सकन हसली, आणि दुसरी कडी धरून ती म्हणाली, ‘नीट धरा. पायावर पाडताल.’ बजरंग बाजूला झाला. त्याच्या हातात अजून मोबाइल होता, पण त्याने तो वर केला नाही. वस्तीतल्या ओसऱ्यांवरून सगळे बघत असताना दोघांनी पेटी रस्त्यापार नेली.

कट्ट्यापाशी ती थबकली. शहादेव आत गेला, माठातून तांब्या भरून आणला आणि काय म्हणायचं ते न सुचून नुसता पुढे धरला. तिने तांब्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे पाहिलं. मग उभ्यानेच, ओठ न लावता, वरून धार धरून प्यायली. धार वरूनच. शहादेवने ते पाहिलं आणि तिने ते पाहिलं. थोडं पाणी गळ्यावरून चोळीत गेलं. ‘पीठ हाय का घरात?’ तिने विचारलं.

‘आहे. जुनं आहे.’

त्याने आणून दिलेला पिठाचा डबा तिने उघडला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘पोरकिड्यांनी पेन्शन खाल्ली की तुमची. उद्या ताजं आना दळून. भरपूर आना. वस्तीवर धाडायच्यात.’

‘त्यांनी तोंड फिरवलं तुझ्याकडे,’ तो म्हणाला. राग अजून तसाच होता.

‘मंग? तोंड फिरवलं म्हंजे पोट बी फिरलं का?’ ती चूल शोधत आत गेली. आता आपलंच पीठ उधळलं जाणार, आणि आपण मालक असूनही आपल्याला कोणी विचारणार नाही, हे शहादेवच्या हळूहळू लक्षात आलं.

सकाळी तो लिहायला बसला. घरात कोरा कागद होता, पण त्याने बजरंग टाकून गेलेला जबाबाचा कागद उलटा केला. शांतवन, त्याने लिहिलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. मालकाने कौतुक का केलं ते मालकाला ठाऊक. पण त्या म्हातारीला सांग, की दाखल्यात ती मालक नाही, कारभारीही नाही, ती देणेकरी आहे, मीही आहे. आपलं निम्मं ओझं कोणीतरी कधीतरी उतरवलं, म्हणून आपण वाचलो. तो दाराशी आल्यावर आपण दार उघडलं का, एवढंच विचारायचं राहिलं आहे. मी काल उघडलं. फार उशिरा उघडलं आणि नीट बोलता आलं नाही. पुस्तकातलं काही उपयोगी पडलं नाही. उत्तर चुकलं असेल तर कळव. त्याने वाचून पाहिलं. ‘फार उशिरा’ वर काट मारावी असं वाटलं. मारली नाही. पुन्हा वाचलं तर फाडलं जाईल हे ओळखून त्याने कागद घडी करून पाकिटात घातला. कड्याचा पत्ता पाठ होता. शांतवन असेल की नसेल, हे मात्र ठाऊक नव्हतं. नसेल तर त्याचा मुलगा वाचेल, आणि पाठीमागची टाइप केलेली बाजूही वाचेल. वाचू दे.

पोस्टाच्या पेटीजवळ बजरंगने त्याला गाठलं. मोटरसायकल आडवी लावून म्हणाला, ‘गुर्जी, साहेब म्हनतात, सही नगं, पर कागद तेवढा माघारी द्या. कुठं फिरायला नगं त्यो.’

‘कड्याला चाललाय,’ शहादेव म्हणाला, आणि पाकीट पेटीच्या तोंडातून आत लोटून दिलं.